पिशवी कुणाच्या हातात होती

ऑपरेशन झालेला माणूस शुद्धीवर आला की कापणाऱ्या डॉक्टरचे पाय धरतो. भूल देणारा तोवर स्कूटरला किक मारून पुढच्या गावाला पोचलेला असतो. त्यामुळे मंचर, कळंब, नारायणगाव, पार जुन्नरपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या नाकावर डॉक्टर कुशाबा वाळुंजांनी मास्क धरला, त्यातल्या निम्म्यांनी त्यांना आठवडे बाजारात ओळखलंही नसतं. जे ओळखायचे ते 'भुलीचे डॉक्टर' म्हणायचे. स्कूटरवर दोन पायांच्या मधे एक पत्र्याची पेटी असायची. नळ्या, सुया, औषधं आणि श्वास द्यायची ती काळी रबरी पिशवी, सगळं त्या पेटीत. कुठल्याही हॉस्पिटलचा फोन आला की पेटी उचलायची आणि निघायचं, असं त्या माणसाचं आयुष्य चाललं होतं.

डॉक्टर मूळ लोणीचे. पाऊस जिथं विचार करून पडतो अशा आंबेगावच्या पूर्व पट्ट्यातले. बाजरी-मटकीच्या रानातून उठून पुण्याला शिकायला गेलेला पोरगा भूल द्यायची पदविका घेऊन परत आला, तेव्हा गावकऱ्यांना वाटलं, ह्याला धड डॉक्टर होता आलं नाही म्हणून हे अर्धंमुर्धं काहीतरी करून आला. आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही की आपला लेक लोकांना झोपवतो म्हणजे नेमकं करतो काय.

त्यांना एक खोड होती. बाकीचे डॉक्टर चार पैसे हातात आले की हायवेला प्लॉट घेत. हा माणूस टाइपरायटर घेऊन बसायचा आणि लेख लिहायचा. लेख म्हणजे वर्तमानपत्रातला नव्हे. डॉक्टरांच्या संघटनेचं इंग्रजी त्रैमासिक निघतं, बारीक टायपात, मधे तक्ते, ते डॉक्टर लोकही वाचत नाहीत, त्यात. पहिला लेख एक्याण्णव साली आला: ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि पेशंटला ईथर, म्हणजे ठिणगीनं पेट घेणारं भुलीचं औषध, दिलेलं असलं, तर कंदील का पेटवू नये आणि मग काय करावं. दुसरा, टायफॉइडनं आतड्याला भोक पडलेल्या पेशंटला भूल देताना काय सांभाळावं. या लेखांचा त्यांना एक रुपया मिळाला नाही. बायको मंदाताई मंचरच्या शाळेत शिकवायच्या. त्या म्हणायच्या, एवढ्या मेहनतीनं निबंध लिहिला असता तर निदान तालुक्याचं बक्षीस तरी मिळालं असतं.

डॉक्टर हसायचे आणि कागद पुन्हा मशीनमध्ये घालायचे. त्यांचं साधं म्हणणं होतं. आपण ज्या परिस्थितीत काम करतो, त्या परिस्थितीवर पुस्तकात एक ओळ नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यात वीज जात नाही. मग आपल्यासारख्या दुसऱ्या तालुक्यातल्या डॉक्टरनं वाचायचं काय? आणि एक गोष्ट ते फार कडक पाळायचे. आकडा बदलायचा नाही. मेला तो मेला असं लिहायचं. एकदा एका पेशंटला घरच्यांनी मधेच घरी नेलं आणि तो तिकडं मेला. संपादक त्यांचे जुने सर होते. ते म्हणाले, हा घरी गेलाय, त्याला यादीतून वगळ, लेख चांगला दिसेल. कुशाबांनी त्या पेशंटला मेलेल्यांत धरलं आणि लेख होता तसा परत पाठवला.

त्यांचा तिसरा लेख धनुर्वातावरचा, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

धनुर्वात हा मातीचा, शेणाचा रोग. खिळा घुसतो, विळा लागतो, जखम वरून भरते आणि आत विष तयार होतं. आधी दातखीळ बसते, मग पाठ कमानीसारखी उचलते. दार आपटलं, भांडं पडलं, कुणी दिवा लावला की झटका येतो, आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट. झटके थांबवायला स्नायू सैल करणारं औषध देता येतं. पण त्या औषधानं छातीही सैल पडते, श्वास थांबतो, आणि मग कुणालातरी त्याच्यासाठी श्वास घ्यावा लागतो. पुण्याला त्याची मशिनं होती. ती मोजकी होती आणि कधी रिकामी नसत. इथून नेलेला पेशंट चाकणच्या आधीच जीपमध्ये दगावायचा, नाहीतर तिथं पोचून दारात नंबर लावून पडायचा.

कुशाबांनी काय केलं, तर गळ्याला छेद देऊन नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि पिशवी दाबली. दाबली की छाती वर, सोडली की खाली. हे तासभर कुणीही करील. पण धनुर्वाताचं विष उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. रात्रंदिवस कोण दाबणार? हॉस्पिटलात एक नर्स आणि एक वॉर्डबॉय. डॉक्टरांना तेव्हा लोणीतली सावड आठवली. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या रानात राब, मजुरीचं नाव काढायचं नाही. पेशंटच्या गावातले लोक बोलावून त्यांनी सावड लावली. पाळ्या ठरवल्या. आपला श्वास चालेल तशी पिशवी दाबायची, एवढंच शिकवलं. आणि एक नियम घातला, खाटेशी कायम दोन माणसं पाहिजेत. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं दाबणाऱ्याच्या हाताकडं बघायचं.

काही वाचले, काही गेले. पुण्याच्या वाटेवर जेवढे जायचे त्यापेक्षा कमी गेले, एवढं मात्र खरं. शहाण्णव साली हे सगळं छापून आलं. मंचरला पप्पू म्हणून एक बातमीदार होता, जिल्ह्याच्या पुरवणीला बातम्या पाठवायचा. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तो कॉलेजातल्या सरांकडून वाचून घ्यायचा आणि उरलेलं मनानं लिहायचा. 'लोणीच्या सुपुत्राचं संशोधन सातासमुद्रापार' अशी बातमी त्यानं ठोकून दिली. त्रैमासिक पुण्यात छापलं जायचं, मुळा-मुठेपलीकडंही धड जात नव्हतं, पण ते कोण बघतो. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, एसटी स्टँडवर फलक लागला. नातेवाइकांनी शेतातल्या मातीचे हात धुऊन जीव कसे वाचवले हे डॉक्टरांनी सांगितलं, आणि समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोकांनी त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. भुलीच्या डॉक्टरकडं पिशवी आहे, पिशवी लावली की माणूस वाचतो. अहो, निम्मे जातात, असं डॉक्टर घसा फोडून सांगायचे. लोक म्हणायचे, मोठी माणसं अशीच बोलतात. इंग्रजी पुस्तकात छापून आलंय म्हटल्यावर डॉक्टरांचं स्वतःचं म्हणणं ऐकायला कोण बसलंय?

दोन हजार एकच्या चैत्रात भरतला आणलं.

भरत साळुबाईचा एकुलता एक. नवरा अकाली गेला, तेव्हापासून दोन म्हशींच्या दुधावर तिनं पोर वाढवलेलं. पहाटे धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, दुपारी दुसऱ्याच्या रानात जायचं. पोरगा उंचापुरा निघाला, बावीस-तेवीस वर्षांचा, आणि मामाच्या, म्हणजे जानकूच्या, शर्यतीच्या बैलगाड्यामागं वेडा झाला. जानकूचा गाडा या भागात नावाजलेला. गावच्या खंडोबाच्या यात्रेत गाडा जुंपायच्या वेळी बैल बिथरला आणि जुवाची खीळ भरतच्या पोटरीत घुसली. तिथंच मूठभर भंडारा जखमेत दाबला आणि वरून फडकं बांधलं. देवाचा भंडारा होता, तो धुऊन कोण काढणार? एका कंपाउंडरनं धनुर्वाताची सुई दिली. सुई घेतली म्हणजे विषय संपला असं सगळ्यांनाच वाटतं. सुई पुढच्या खेपेला कामाला येते, या खेपेची जखम आधी धुवावी लागते, हे कुशाबा भेटेल त्याला सांगत आले होते.

यात्रेनंतर आठवडाही झाला नसेल, भरतला भाकरी चावेना. साळुबाईला वाटलं दाढ दुखते. दुसऱ्या दिवशी तोंडच उघडेना, तेव्हा जीपमध्ये घालून कळंबला हायवेवरच्या छोट्या हॉस्पिटलात आणला.

कुशाबा आले, त्यांनी पायाचं फडकं सोडलं, आतला पिवळा चिखल बघितला आणि जखम कधीची ते विचारलं. जखम आणि दातखीळ यांत जितके थोडे दिवस, तितका रोग जहाल. त्यांच्या स्वतःच्या लेखातल्या तक्त्यात इतक्या थोड्या दिवसांचे जेवढे होते, त्यातला एकही जिवंत घरी गेला नव्हता. तो तक्ता त्यांनीच केला होता आणि आता तोच त्यांच्या डोळ्यांपुढून हटेना. त्यांनी पुण्याला फोन लावले. मशीन रिकामं नव्हतं. परत लावले, तेच उत्तर. जानकूला बाजूला घेऊन त्यांनी आशा कमी असल्याचं सांगितलं. जानकूनं त्यांचा हात धरला आणि म्हणाला, पिशवी लावा, माणसं मी आणतो.

तो बोलल्याप्रमाणं वागला, हे नाकारता येणार नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सकाळची पाळी यायची आणि संध्याकाळची जायची. कांदा काढायला आलेला असताना लोक तो रानात ठेवून आले. हॉस्पिटलचा वॉर्डबॉय कासम जुन्नरचा, बापजाद्यांचा कागद करायचा धंदा बुडाल्यावर इकडं लागलेला. तो प्रत्येक नव्या माणसाचा हात आधी स्वतःच्या हातात घेऊन पिशवी दाबून दाखवायचा. खोली अंधारी केली होती. चपला बाहेर, बोलायचं खुणेनं.

दुपारची पाळी साळुबाईनं मागून घेतली. दुपारी जेवून माणसाला डुलकी लागते, आईला लागत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्यासारखा हात कुणाचा पडत नसे. आयुष्यभर धारा काढलेला हात तो, एका लयीत चालायचा, थकायचा नाही. डॉक्टर दाराशी उभे राहून बघत. पोराच्या तोंडाकडं बघत ती दाबत राहायची, आणि मधेच ओठ हलायचे. त्याच्याशी बोलत असेल, नाहीतर देवाशी.

आणि भरत टिकला. एक आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. नाडी कधी उगाच धावायची, रक्तदाब चढायचा, घामानं चादर भिजायची, पण तो टिकला. कुशाबांनी स्वतःला बजावलं होतं की आशा धरायची नाही. तरी एका सकाळी स्कूटर पुसता पुसता ते मंदाताईंना म्हणाले की हा पोरगा यातून निघतोय बहुतेक. त्यांच्या तोंडून असं कधी येत नसे. मंदाताईंनी गुळाचा खडा देवापुढं ठेवला.

इकडं जानकूनं नवस बोलला होता. डॉक्टरांनी देवाच्या भंडाऱ्याला दोष दिल्याचं त्याच्या कानावर आलं होतं आणि ते त्याला लागलं होतं. देव रुसला असेल तर देवच घेऊन जाऊ, भरतच्या खाटेपर्यंत पालखी नेऊ, असं त्यानं गावात ठरवलं. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी हात जोडले. आवाजानं झटका दिसणार नाही, औषध दिलंय, पण आत काळीज झटका खातं, असं नाना परीनं समजावलं. जानकूनं ऐकून घेतलं. बरं, आत नाही आणत, रस्त्यावरनं नेतो, म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. पण पालखी गावातून निघाली की ती एका माणसाच्या ताब्यात राहत नाही.

रविवारी दुपारी हलग्या कडाडल्या. कुशाबा खाली हॉस्पिटलातच जेवत होते, ते उठून गेटाकडं धावले. रस्ता माणसांनी भरून गेला होता, भंडारा उधळत होता, 'येळकोट येळकोट जय मल्हार' चाललं होतं. गेट धरून ते ओरडले. कुणी त्यांच्या कपाळाला भंडारा लावला, कुणी पायाला हात लावला, ऐकलं कुणीच नाही. हलगीवाल्याचा हात धरला तर तो डॉक्टर नाचायला आले म्हणून जास्तच जोरात वाजवायला लागला. ज्यांची पोरं, ज्यांची माणसं आपण जगवली, त्यांच्यापुढं आपला आवाज पोचत नाही, हे त्यांना तिथं कळलं. ते वळले आणि वर पळाले.

जिन्यात त्यांना दुसरा पाळीवाला भेटला, उड्या मारत खाली पालखीला चाललेला. खोलीत साळुबाई एकटी होती. खिडकीच्या फटीतून उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळा उजेड आत येत होता. ती उभी होती, डोळे मिटलेले, दोन्ही हात जोडलेले. पिशवी भरतच्या उशाशी पडली होती. किती वेळ पडली होती कोण जाणे. त्याची नखं निळी झाली होती.

डॉक्टरांनी पिशवी उचलली आणि दाबली. एक हात पिशवीवर, एक हात मानेच्या नाडीवर. नाडी दोन-चारदा लागली, अडखळली आणि थांबली. साळुबाईनं डोळे उघडले. डॉक्टरांच्या हातात पिशवी बघून तिला वाटलं, ते पाळी घ्यायला आलेत. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, देव दाराशी येऊन गेल्याचं.

"माझी पाळी झाली व्हय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"झाली. तुम्ही खाली जा, दर्शन घ्या," डॉक्टर म्हणाले.

ती गेली. तिचं पाऊल जिन्यावरून उतरेपर्यंत ते तसेच पिशवी दाबत राहिले आणि छाती तशीच वर-खाली होत राहिली. मग त्यांनी कासमला हाक मारली. दोघांनी मिळून छाती दाबली, सुया दिल्या, करायचं ते सगळं केलं. कासमला आल्याआल्याच सगळं कळलं होतं. दुसरा पाळीवाला पळताना त्यानं बघितला होता, आणि डॉक्टरांनी धावत येऊन उशाशी पडलेली पिशवी उचलली तेसुद्धा.

"साहेब, तुमच्या पाळीत न्हाई गेला त्यो," कासम म्हणाला.

"माझ्याच पाळीत गेला. आणि तुझ्या तोंडून मला दुसरं काही ऐकायचं नाही."

कासमनं मान हलवली आणि भरतचे पाय सरळ केले.

पालखीच्या मागोमाग मरणाची बातमी गावात गेली. रोगच जहाल होता, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लोकांनी ते मानलं. साळुबाईनं मानलं नाही. आईला कोण फसवणार? सुतकाचे दिवस उरकल्यावर ती कळंबला आली आणि तिनं डॉक्टरांना गाठलं. म्या हात जोडलं तेवढ्यात तर न्हाई ना गेला त्यो, एवढंच तिला विचारायचं होतं. नाही, तुम्ही खाली गेल्यावर गेला, पिशवी माझ्या हातात होती, असं डॉक्टर म्हणाले. तिनं त्यांच्याकडं बघितलं. "तुमी माझं मन राखताय," ती म्हणाली आणि निघून गेली.

परत आली. दर बाजारी यायची. तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि तीच नजर. एकदा तर डॉक्टरांनी शपथ घेतली. ती म्हणाली, देवमाणूस खोटी शपथ घेतो तेव्हा त्याला पाप लागत नाही, म्हणून तुम्ही घेताय. तिनं म्हशी विकल्या. धार काढायला बसली की हाताला पिशवी लागते, असं जानकूला म्हणाली. देवळात जाईना. आणि डॉक्टर, ज्यांनी अख्खं आयुष्य लोकांना वेदना कळू नये म्हणून काढलं, ते तिच्यापुढं नुसते उभे राहायचे. त्यांच्या पेटीत ह्यावर काही नव्हतं.

त्यांना चीड यायची, ती हलगीची, भंडाऱ्याची, जानकूची, पळून गेलेल्या त्या दुसऱ्या पाळीवाल्याची, आणि शेवटी स्वतःची. सावडीची कल्पना आपली. आईच्या हातात पोराचा श्वास देणारे आपणच. दोन माणसांचा नियम केला आणि तो पाळला जाईल असं धरून चाललो, देव दाराशी येईल हे धरलं नाही. ही चूक लिहायला हवी होती. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात कुणीतरी त्यांचा लेख वाचून हेच करत असेल, त्याला कळायला हवं होतं. पण लिहिलं तर पप्पू आहेच. लेख आला की तो सरांकडून वाचून घेणार आणि पुरवणीत छापणार, आणि 'पेशंटच्या आईनं पिशवी सोडली' हे साळुबाईला गावात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार.

बरेच महिने टाइपरायटरवर धूळ बसली. मग एके दिवशी त्यांच्या मनात आलं की हिला माझा शब्द खरा वाटत नाही. पण इथल्या माणसाला इंग्रजी पुस्तकात छापलेलं खरं वाटतं.

चौथा लेख त्यांनी दोन हजार दोनच्या पावसाळ्यात लिहिला. सगळे पेशंट, सगळे आकडे, वाचलेले आणि गेलेले. भरतवर एक परिच्छेद. पिशवी किती वेळ सुटली असावी, का सुटली, बाहेर काय चाललं होतं, सगळं खरं लिहिलं. पुढं सूचना लिहिली की दोन माणसांच्या जागी तीन ठेवा आणि उत्सवाच्या दिवशी दार आतून लावा. फक्त माणूस बदलला. त्या वेळी पिशवी प्रस्तुत लेखकाच्या हातात होती, असं टाइप केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेखात खोटं लिहिलं. ते वाक्य टाइप करून झाल्यावर उठून अंगणात जाऊन उभे राहिले, मंदाताई जेवायला हाका मारत होत्या तरी आत आले नाहीत.

संपादक सरांचा फोन आला. ते म्हातारे झाले होते. हे छापलं की तुला भूल द्यायला कोण बोलावणार, निदान 'कर्मचारी' एवढं लिही, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. कुशाबा म्हणाले, सर, छापा. दोन हजार तीनच्या सुरुवातीला लेख आला, आणि पप्पूनं आपलं काम चोख केलं. 'डॉक्टरच्याच हातून सुटली पिशवी! बैलगाडा शौकीन युवकाच्या मृत्यूचं सत्य उघड.' फोटो मात्र सत्काराचा जुनाच वापरला, शाल-श्रीफळासकट.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. कळंबच्या हॉस्पिटलनं बोलावणं बंद केलं, मग नारायणगावनं. पुण्याहून एक नवा पोरगा मारुतीतून यायला लागला, त्याच्याकडं चकचकीत मशीन होतं. जानकू दारात येऊन आईबहिणीवरून बोलून गेला, आणि त्याच्याबरोबर आलेल्या चार जणांत दोघं डॉक्टरांनी स्वतः जगवलेले होते. मंदाताईंना खरं माहीत होतं. त्या आठ दिवस बोलल्या नाहीत, मग एकदाच म्हणाल्या की तुम्ही तिला वाचवलं असेल, मला शाळेत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. कासम मात्र अधूनमधून सायकलवर येऊन ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि निघून जायचा.

साळुबाई आली ती उन्हं कलताना. पदरात वर्तमानपत्राची घडी होती, डेअरीतल्या सेक्रेटरीनं वाचून दाखवलेली. ओट्याखाली उभी राहिली, वर या म्हटलं तरी आली नाही. चेहरा भरला होता, बाई जेवायला लागली होती हे डॉक्टरांना लगेच दिसलं.

"मला वाटायचं तुमी मन राखताय," ती म्हणाली. "छापून आलं तवा पटलं. पर येक सांगा. का सोडली वो पिशवी?"

लेखातलं कारण पप्पूनं बातमीतून गाळलं होतं, आणि डॉक्टरांनी याची तयारी केली नव्हती. ते खाली बघत म्हणाले, "पालखी आली होती. माझे हात जोडले गेले."

रस्त्यानं एक उसाची गाडी गेली. साळुबाईनं वर्तमानपत्राची घडी पदरात नीट खोचली.

"असं व्हय," ती म्हणाली. "मंग तुमचा तरी काय दोस? देव दारात आल्यावर माणसाचं हात जोडलं जात्यातच. त्यात काय पाप न्हाई. जानकू काय बी म्हणू द्या, म्या तुमाला माफ केलं, डॉक्टर."

डॉक्टर ओट्यावरून खाली उतरले आणि मान खाली घालून तिची माफी त्यांनी घेतली.